पाचवा मेंढा

मार्गशीर्ष लागायला चार दिवस होते. महाळुंगे पडवळच्या शिवारात धुई अशी बसली होती, की कालव्यापलीकडचा ऊस दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पात्यांवरचं दव खालच्या पाचटावर टप टप पडत होतं. हनुमंतानं वाघर सोडायला घेतली. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं. दवानं ते एवढं जड झालं होतं, की गुंडाळता गुंडाळता बोटं बधिर झाली. बापाच्या, धर्माजीच्या वेळी दोनशे मेंढरं होती. आता बावीस. बाकी घर कांद्यावर आणि रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या शेडवर चालत होतं.

जाळं खुंटीला अडकवून तो वळला, तेव्हा म्हातारी बाहेर आली होती. त्याची आई, तुकाबाई. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण अंगणाचा कोपरान् कोपरा पायाला पाठ. तिनं मुठीतली बाजरी कोपऱ्यातल्या चपट्या दगडावर टाकली. मग पदर कानामागं सारून ती उसाकडं तोंड करून उभी राहिली. ऐकत.

"आज बी नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

आठ वर्षं रोज सकाळी हे असं चाललं होतं. दाणे चिमण्या खायच्या. हनुमंत आठ वर्षं वाघर गुंडाळत हे बघत होता आणि ज्याच्यासाठी दाणे टाकले जात होते, तो कुठं आहे हे या जगात एकट्या त्यालाच माहीत होतं.

त्याचं नाव कारभारी. काळाभोर मेंढा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. धर्माजीनं मरायच्या आधी तो खंडोबाच्या नावानं सोडला होता. देवाचा मेंढा वाघरीत कोंडत नाहीत. तो कुणाच्याही रानात शिरेल, कुणाचाही हरभरा खाईल, त्याला काठी उगारायची नाही. त्याच्या गळ्यात पितळी घंटी असते आणि घराण्याची खूण म्हणून डाव्या कानाला मागून एक चीर. तो मेला, तर त्याला पुरायचं, आणि तीच घंटी येत्या चंपाषष्ठीला नव्या मेंढ्याच्या गळ्यात बांधायची. पण हाड नाही, शिंग नाही, घंटी नाही, तर मेंढा मेला असं म्हणायचं नाही. दुसरा सोडताही येत नाही. धर्माजीचा नवस असा आठ वर्षं मधेच लटकला होता, आणि म्हातारीला आता एकच घोर होता. डोळे मिटायच्या आत तो पुरा व्हावा.

"कारभाऱ्याला वाघानं नेला," असं गावात सगळे म्हणत. बिबट्याला इकडं जुनी माणसं वाघच म्हणतात. तसं सगळ्यांना सांगितलं होतं हनुमंतानंच.

*

सुभेदार बाजीराव दहाच्या सुमाराला शेडवर आले. धुई अजून निवळली नव्हती. अंगात खाकी जर्सी, मिशी पांढरी पण नीट कातरलेली. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून ते घोडेगावला स्थायिक झाले होते. घोडेगावच्या अलीकडं बंद पडलेली एक खडीची खाण होती. तिथं रीतसर परवानग्या काढून त्यांनी आणि आणखी दहाबारा हौशी माणसांनी नेमबाजीचा क्लब काढला होता. त्यांचा खेळ मात्र न्यारा. गोल कागदावर नेम मारायचा नाही. लोखंडाच्या प्लेटी कापून जनावरं करायची, फळीवर उभी करायची आणि पाडायची. चाळीस मीटरवर पाच कोंबड्या, पन्नासवर पाच डुकरं, पंच्याहत्तरवर पाच टर्की, शंभरवर पाच मेंढे. टर्की म्हणजे कोंबडीचा परदेशातला थोरला दीर, असं हनुमंतानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती जनावरं कापायचं काम त्याच्याकडंच आलं. सुभेदारांची नात कल्याणी ओतूरच्या कॉलेजात खेळ शिकवायची. तिनं कागदावर आकार काढून आणले होते. कोंबड्या झाल्या, डुकरं झाली. मेंढ्यांपाशी त्याचा हात जरा अडखळला, पण चार निघाले कागदाबरहुकूम. पाचवा कापताना काय झालं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. गॅस कटर कानाच्या टोकावरून फिरला आणि मागून आत गेला. बारीकशी चीर. प्लेट गार झाल्यावर त्यानं उचलून बघितली आणि तशीच खाली ठेवली. बापानं शिकवलेली खूण. शेकडो कोकरांना घातलेली. हातानं आपली आपण घातली होती. त्यानं घाईघाईनं वरून काळा रंग मारला आणि माल देऊन टाकला.

माल उतरवायला गेला, तेव्हा सुभेदारांनी त्याच्या हातात आपली लिव्हरची, म्हणजे चापाखालचं कडं ओढून काडतूस भरायची रायफल दिली होती. "मारा की एक. तुमचीच कोंबडी हाय." पाचांतल्या चार पडल्या. तेव्हा सहा वर्षांनी त्यानं बंदुकीला हात लावला होता. हात थरथरले नाहीत, याचीच त्याला भीती वाटली. तरी पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला.

"हनुमंतराव, आज पुण्याला जायचंय," सुभेदार म्हणाले. "ध्यानात हाय ना?"

"हे फाटक तेवढं..." गेणू पोखरकरांच्या गोठ्याचं फाटक शेडमध्ये आडवं पडलं होतं. बिजागरी तुटलेली.

"फाटक पळतंय का कुठं? परवान्याची तारीख पळतीय."

ते खरं होतं. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. त्यावरची बंदूक, धर्माजीपासून चालत आलेली जुनी बावीस बोरची लिव्हरची रायफल, आठ वर्षं पुण्याच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा होती. एक तर ती सोडवून आणायची, नाही तर तिच्या जागी दुसरी घ्यायची, नाही तर परवानाच परत करायचा. क्लबच्या पत्रानं पीक संरक्षणाच्या जोडीला आता परवान्यावर खेळही लागला होता. आणि सुभेदारांनी मनाशी धरलं होतं, की हनुमंताला स्वतःची रायफल हवी. कारण पाचवा मेंढा.

दोन वर्षांत हनुमंतानं तो एकदाही पाडला नव्हता. कोंबड्या पडायच्या, डुकरं पडायची, मेंढ्यांतले चार पडायचे. एक उरायचा. गोळी दर वेळी त्याच्या पाठीवरून वर जायची.

"माझी रायफल तुमच्या मापाची नाय," सुभेदार जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "दस्ता लांब पडतो तुमाला. शेवटच्या गोळीला खांदा वर जातो. आपली घेतली की बघा."

हिरा, हनुमंताची बायको, दारात उभी होती. "आणा बाई एकदाची. घरात सून आणायच्या येळंला एवढी पाहणी नाय केली."

"वहिनी, सून काय पाच येळा उभ्यानं मारून बघता येती व्हय?" सुभेदार म्हणाले, आणि हिरा पदरात हसली.

हनुमंत हसला नाही. आपली घेतली की बघा, हे त्याला पटलं होतं. पटावं असं त्याला फार वाटत होतं. दोष लाकडाचा असेल, लोखंडाचा असेल, दस्त्याच्या लांबीचा असेल. त्यावर इलाज होता.

*

दुकान पेठेतल्या एका बोळात, जिना चढून. दुकानदार पारशी टोपीवाला, बोलायला मोजका. त्यानं काउंटरवर जाड बनात अंथरली आणि दोन रायफली आणून ठेवल्या.

पहिली अष्टकोनी नळीची, जडशीळ. सुभेदारांनी ती उचलून हनुमंताच्या हातात दिली. "वाऱ्यात ही हलायची नाय. नळी जड असली की माशी जाग्यावर बसती." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लोखंडी दाणा, मागच्या खाचेत बसवून नेम धरायचा तो. हनुमंतानं खांद्याला लावली. माशी बसली खरी. पण हा खेळ सगळा उभ्यानं, हाताला टेकू नाही, पट्टा नाही. मेंढ्यांची पाळी येईस्तोवर पंधरा गोळ्या होऊन गेलेल्या असतात.

"दंड भरून येतील," तो म्हणाला.

दुसरी आखूड, हलकी, लिव्हरचं कडं मोठं. हातात पाखरासारखी आली. "हलकी बरी वाटती दुकानात," सुभेदार म्हणाले. "रानात श्वास घेतला तरी हलंल. आता लिव्हर मारा. न्हाई, खाली नाय घ्यायची. खांद्यावरच. दोन मिनिटांत पाच जनावरं पाडायचीत, दर येळेला खाली घेऊन डोळा हलवला तर गेला डाव."

हनुमंतानं खांद्यावरच लिव्हर खाली ओढली, वर आणली. कच्च्‌ कच्च्‌. ओढ लांब होती, अंगठा सुटत होता.

"अर्धवट हातानं मारू नका. लिव्हर लाजत मारली की काडतूस अडकतं. जोरात, पण गाल दस्त्यावरनं उठू द्यायचा नाय."

मग दुकानदारानं कपाटातून तिसरी काढली आणि दोघींच्या शेजारी ठेवली. आठ वर्षांचं तेल नुकतंच पुसलेलं. हनुमंतानं तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

"आता डोळं मिटा," सुभेदार म्हणाले. ही त्यांची फौजेतली पद्धत. "मी एकेक देतो. डोळं मिटूनच खांद्याला लावायची, सामनेच्या भिंतीकडं. लागली म्हणजे डोळं उघडायचं. माशी खाचेत आपली आपण आलेली असंल, ती तुमची. बघून निवडायची नसती ओ. आंगानं निवडायची."

त्यांनी तिन्ही बनातीवर फिरवल्या, हनुमंताच्या हातांत कापडाचे जुने मोजे चढवले, म्हणजे बोटांना लाकूड ओळखू येऊ नये. पहिली आली. डोळे उघडले तर माशी खाली आणि डावीकडं. दुसरी आली. माशी वर. तिसरी हातात आली. गाल दस्त्याला लागायच्या आधीच त्याला तो वास आला. लोकरीचा आणि ओल्या मातीचा. तेलानं पुसलेल्या लाकडाला तो वास असणं शक्य नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. त्यानं डोळे उघडले. माशी खाचेत बरोबर मधोमध उभी होती.

"ही," तो म्हणाला.

दुकानदार पहिल्यांदाच हसला. "ही तर तुमचीच."

*

आठ वर्षांपूर्वी, कार्तिकातली ती संध्याकाळ. आठवडाभर बिबट्या उसात होता. पलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री गेली होती. अशा दिवसांत धनगर घंट्या बंद करतात. आवाजावरून जनावर मेंढरांच्या वाड्याचा माग काढतं, म्हणून घंटीतल्या लोळीभोवती, आतल्या लोलकाभोवती, लोकर कोंबतात. हनुमंतानं दुपारीच कारभाऱ्याला पकडून त्याच्या घंटीत लोकर ठासून भरली होती. नीट, बोटानं दाबून. कारभारी त्याच्या मांडीला डोकं घासत उभा होता.

दिवस बुडाला, आभाळाला थोडा उजेड आणि जमिनीला अजिबात नाही, अशी ती वेळ. हनुमंत वाघरीबाहेर बंदूक घेऊन उभा. एरवी तो बार वर हवेत काढायचा, जनावर पळून जायचं. उसातून काहीतरी निघालं आणि बांधावर चढलं. आभाळावर नुसता काळा आकार. खाली घातलेली मान, ताठ पाठ. वाघरीच्या दिशेनं. वाघरीच्या बाहेरून. सगळी मेंढरं तर आत होती, म्हणजे हे मेंढरू नव्हे, असं त्याच्या डोक्यानं मांडलं. बाहेर हिंडायला मोकळा असा एकच होता आणि त्याची तर घंटी वाजली असती.

त्यानं बार खाली घेऊन काढला. एकच.

मग बांधावर जाऊन तो बराच वेळ गुडघ्यावर बसून राहिला. हिरा चुलीपासून ओरडली, "गेला का ओ?" आणि त्याच्या तोंडून निघालं, "गेला." नंतर म्हातारीनं विचारलं, "कारभारी कुठं हाय रं?" तेव्हा पहिल्या शब्दाला धरूनच दुसरा आला. "वाघानं नेला, आये."

पहाटे त्यानं एकट्यानं कारभाऱ्याला ओढ्याच्या कडेला करंजाखाली पुरलं. डोकं उगवतीला केलं, मीठ टाकलं. घंटी मात्र पुरायला हात धजेना. ती लोकरीसकट शेडमध्ये, इलेक्ट्रोडच्या रिकाम्या डब्यात, फळीच्या मागं गेली.

ते तेवढ्यावर थांबलं असतं, पण देवाचा मेंढा नेला म्हटल्यावर गाव पेटलं. वनखात्याकडं अर्ज झाले, पिंजरा लागला, आत बोकड बांधला. बाराव्या दिवशी एक मादी सापडली. सळया चावून चावून तिचा सुळा मोडला होता. आता हिला शिकार जमायची नाही, म्हणून तिला पुन्हा रानात सोडलं नाही. ट्रक निघाला तेव्हा अख्खं गाव बघायला जमलं होतं. तुकाबाई पुढं झाली आणि पिंजऱ्याकडं हात करून म्हणाली, "खाल्लास त्यो खाल्लास, घंटी तरी टाकायची व्हतीस माझी." मादीनं मान वळवली नाही. हनुमंत गर्दीच्या मागं उभा होता. त्याच आठवड्यात त्यानं बंदूक पुण्याला जमा केली.

*

रविवारी सकाळी खाणीत धुई नव्हती. ऊन कोवळं, वारा उजवीकडून हलका. तिन्ही बाजूंनी कापलेला काळा कातळ आणि त्याच्या पोटात, दूर, फळ्यांवर उभी काळी जनावरं. कल्याणी दुर्बीण लावून त्याच्या बाजूला उभी राहिली. गोळी कुठं लागली, ते सांगायचं काम तिचं.

"काका, आज स्वतःची रायफल. आज कारण सांगायचं नाही हं."

"नाय सांगत."

कोंबड्या पाचही पडल्या. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. लिव्हर आखूड, खांद्यावरच खटकन फिरत होती, दस्ता गालाला जिथल्या तिथं. डुकरं चार. टर्की तीन. टर्की कुणालाच पाचही पडत नाहीत, तिचं बूड उंच आणि अंग बारीक. मागं बसलेले सुभेदार काहीच बोलत नव्हते, म्हणजे खूश होते.

मेंढे. शंभर मीटर. दीड फुटाचं जनावर माशीच्या टोकावर बसेल एवढंच दिसतं. मांडणी कल्याणीनं केली होती आणि तिच्या लेखी पाचही सारखेच. चीर पडलेला कान एवढ्या लांबून कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. हनुमंतालाही नाही.

पहिला पडला. टणण्‌ आवाज कातळावरून फिरून आला. दुसरा पडला. तिसरा. मग माशी चौथ्याकडं गेली आणि तिथं थांबली.

"चौथा. वारा तसाच आहे," कल्याणी म्हणाली.

तो थांबला. त्यानं चौथा सोडून पाचव्यावर नेम नेला. पाडला.

"अहो काका, डावीकडून उजवीकडं! क्रम चुकला, हा धरायचा नाही. आता चौथाच राहिलाय. मारा, चाळीस सेकंद आहेत."

माशी चौथ्यावर. उन्हानं उजळलेल्या कातळापुढं तो काळा आकार उभा होता, खाली घातलेली मान, ताठ पाठ. बोट चापावर आलं. आणि हनुमंत ऐकायला लागला. लागेल तेवढं, कानाच्या मुळापर्यंत. कातळात वारा वाजत होता, लांब एक ट्रॅक्टर, कल्याणीचा श्वास. त्याला आपला खांदा वर जाऊ लागलेला कळला. दोन वर्षं दर रविवारी हा खांदा असाच वर जात होता. बार हवेत काढायला. त्या संध्याकाळी जायला हवा होता, तसा.

बोट त्यानं चापावरून काढून घेतलं.

"वेळ संपली," कल्याणी म्हणाली. मग थोड्या वेळानं, हसत, "काका, एकाला तुमची ओळख पटलीय. कसेही लावा, एक उरतोच."

सुभेदार उठून जवळ आले. त्यांनी हनुमंताच्या तोंडाकडं बघितलं आणि हसले नाहीत. "नळीत राउंड हाय अजून," ते हळू म्हणाले. "पहिलं ते काढा. भरलेली घरी न्यायची नसती."

त्यानं लिव्हर मारली. न उडालेलं काडतूस खडीवर पडलं. तो वाकून उचलायला गेला आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"सुभेदार, माझ्या मापाची हाय ही. रायफलीत काय खोट नाय."

"मला कळलं," सुभेदार म्हणाले. काडतूस त्यांच्या हातात देऊन तो फळ्यांपर्यंत चालत गेला. उभा राहिलेला मेंढा उचलून त्यानं डाव्या कानावरून अंगठा फिरवला. चीर होती.

प्लेट तो बरोबर घेऊन आला. कान वेल्डिंगनं भरून देतो, म्हणाला.

*

तुकाबाई ओसरीत बसून कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. दिसत नव्हतं, पण बोटं मोजत होती. हनुमंत शेडमध्ये गेला. प्लेट ठेवली, फळीमागचा डबा काढला. घंटी हिरवी पडली होती. ती घेऊन तो आईसमोर बसला आणि तिच्या मांडीवर ठेवली.

म्हातारीनं जुडी खाली टाकली. बोटं घंटीवरून फिरली, कडेच्या जुन्या पोचावर थांबली.

"कुठं गावली?"

"गावली नाय, आये. माझ्यापाशीच व्हती."

तिचं बोट आत गेलं. कडक झालेली लोकर तिनं नखानं उकरून बाहेर ओढली, नाकाशी नेली. "कुणी भरली?"

"मी. त्याच दिशी, दुपारच्याला. वाघाच्या भ्यानं."

"मंग वाघ..."

"वाघ आलाच नव्हता. मी बार काढला. घंटी वाजली नाय, मला वाटलं... मीच मारला, आये."

अंगणात कोंबड्या उकरत होत्या. म्हातारीनं लोकरीचा बोळा मुठीत मिटला.

"कुठं हाय त्यो?"

"वढ्याला. करंजाखाली."

"डोकं?"

"उगवतीला. मीठ बी टाकलं."

"म्हंजी सगळं रीतीनं केलंस," ती म्हणाली. "सांगायचं तेवढं ऱ्हायलं." मग तिचा आवाज चढला. "आठ वरसं मी दाणं टाकती. आन् तू तिथंच वाघर गुंडाळत बघत व्हतास. माझं कान गेलं ऐकून ऐकून. मला वाटायचं, लांब हाय, म्हणून ऐकू येत नाय. एकदा तरी जीभ उचलायची व्हतीस रं मुडद्या!"

"चुकलं, आये."

"माझं राहू दे. देवाचं बी राहू दे, देव बघून घेईल. ती मादी? तिनं काय खाल्लं व्हतं तुझं? तिला मी भर गावात बोलले. तिच्या तोंडाकडं बघून बोलले."

हिरा आतल्या दारात येऊन उभी होती.

म्हातारी उठली. भिंतीला धरत अंगणात आली. "चल. दाव मला कुठं ते."

ओढ्यापर्यंत तिला जायला अर्धा तास लागला. हात मात्र तिनं हिराचा धरला. करंजाखाली ती उभी राहिली आणि घंटी हलवली. गंजलेली लोळी दोनतीनदा नुसती खडखडली. मग एकदा लागली. किणकिणाट कसला, एक फुटका ठणका. घरी बांधलेल्या बावीस मेंढरांतलं एकही ओरडलं नाही. तो आवाज ओळखणारी पिढीच आता नव्हती.

"चंपाषष्ठीला नवा सोडायचा," परतताना ती म्हणाली. "मेंढा मी निवडीन. हात लावून. कान हिरा चिरंल. तू नाय."

"बरं."

"आन् दाणं उद्यापासनं तू टाकायचं. त्या मादीच्या नावानं."

हनुमंत चालता चालता थांबला. "आये, वाघीण दाणं खात नाय."

"कारभारी तरी कुठं खात व्हता?"

शेडपाशी आल्यावर तिचा हात दाराशी टेकवलेल्या प्लेटला लागला. तिनं ती चाचपली. शिंग, मान, पाठ. कानापाशी बोट अडकलं. "हे काय?"

"क्लबातला मेंढा हाय. लोखंडी. मी कापला व्हता. चूक झालीया कानात, भरून टाकतो आता."

म्हातारीनं चिरेत नख घालून बघितलं, किती खोल आहे ते.

"बुजवू नको," ती म्हणाली. "वळखू येऊ दे."

*

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुई. हनुमंतानं वाघर गुंडाळली, खुंटीला अडकवली. हिरानं बाजरीची वाटी दारात ठेवली होती. त्यानं मूठभर दाणे घेतले, कोपऱ्यातल्या दगडावर टाकले आणि उसाकडं तोंड करून उभा राहिला. आईला कधी कधी बराच वेळ लागायचा. त्यालाही लागला. ऊस टपटपत होता, त्याशिवाय काही नाही. ओसरीत म्हातारी जागी होती.

शेडवर सुभेदारांचा फोन आला. "मग हनुमंतराव, रायफल कोणती लिहू क्लबच्या कागदावर?"

"आपलीच."

"आन् मेंढा? चारच हाईत इथं फळीवर."

"आणून देतो रविवारी. रंग देतोय."

"कान भरला?"

"नाय."

"बरं," सुभेदार म्हणाले. "तसाच लावू."

फोन खिशात घालून त्यानं पोखरकरांचं फाटक उभं केलं. गेणू दोनदा सांगून गेला होता, गुरं रस्त्यावर येतात म्हणून. बिजागरीचा तुटका तुकडा त्यानं ग्राइंडरनं घासून साफ केला, नवीन पिन बसवली, गुण्या लावून काटकोन बघितला. काच तोंडावर ओढली आणि इलेक्ट्रोड टेकवला.